घरशाळा की मिशनची शाळा? दोन्ही करून बघितलेल्या आईचा हिशोब

मागच्या रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतल्या एका ताईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायचं मनात येतंय पण धीर होत नाही, तुम्ही दोन्ही केलंय तर खरं खरं सांगा. त्यांची मुलगी तिसरीत, मुलगा साडेपाच वर्षांचा. पायऱ्यांवर उभं राहून पंधरा मिनिटांत काय सांगणार, अर्धं राहूनच गेलं. म्हणून आता नीट लिहिते, कारण हाच प्रश्न अजून बऱ्याच जणींच्या मनात घोळत असणार.

आधी माझं सांगते. मोठी मुलगी चौथीपर्यंत मिशनच्या शाळेत, पाचवी ते सातवी घरी, आणि आठवीला स्वतःच हट्ट करून परत शाळेत गेली. धाकटा शाळेची पायरी चढलेलाच नाही, आता तेरा वर्षांचा आहे. त्यामुळे मी घरशाळेची प्रचारक नाही आणि शाळेची वैरीणही नाही.

खरं तर आपल्या ख्रिस्ती लोकांना घरशाळेचा विचार करतानाच अपराधी वाटतं. आम्ही मूळचे नगरचे, तिथे अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग त्यांच्याकडेच घेतलं, माझी पणजी मिशनच्या बोर्डिंगात शिकली म्हणून आम्ही आज इथे आहोत. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आपल्या लोकांनी गावोगाव शाळा काढल्या आणि तू पोरांना शाळेतून काढतेस?" मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं ते पंडिता रमाबाईंचं. त्या कुठल्या शाळेत गेल्या? आई लक्ष्मीबाईंनी रानातल्या घरात आणि पुढे तीर्थयात्रेच्या वाटेवर तोंडी शिकवलं, घरचा रगाडा सुरू व्हायच्या आत, पहाटे उठवून. त्या लक्ष्मीबाईंनाही लग्नानंतर नवऱ्याने शिकवलेलं, डीएड नाही बीएड नाही. (हे घर तेव्हा ख्रिस्ती नव्हतं, रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण आईचं शिकवणं आईचंच.) आणि घरी शिकलेल्या त्याच बाईने १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, म्हणजे शाळाच काढली. तेव्हा एक केलं म्हणजे दुसऱ्याशी बेइमानी असलं काही मनात आणू नका.

श्रद्धेचं काय

बहुतेक जणी घरशाळेकडे वळतात त्या याच कारणाने, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

मिशनच्या शाळेत घातलं की श्रद्धेचं काम शाळा करेल असं आपण धरून चालतो. मुलीच्या वर्गात पंचावन्न पोरं, त्यात ख्रिस्ती सहा. बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास आणि या सहा जणांना लायब्ररीच्या कोपऱ्यात बसवून एक बाई बायबलची गोष्ट सांगायच्या, तेही परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जायचा. यात शाळेची चूक नाही. अनुदानित शाळेत कोणावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, ते घटनेच्या कलम २८ मध्येच आहे, आणि बरोबरच आहे, उद्या दुसऱ्या कुठल्या शाळेत आपल्या मुलांवर सक्ती झालेली आपल्याला चालेल का? तर शाळेकडून मिळतं ते एवढंच, सकाळची प्रार्थना, नाताळचा कार्यक्रम, आणि नशिबात असेल तर एखादी खरोखर देवभिरू टीचर. तशी एक जरी मिळाली तरी मूल जन्मभर विसरत नाही हे मात्र मान्य.

आता घर. घरी रोज वचन वाचता येतं, स्तोत्रं पाठ होतात, नाताळच्या आधी आठवडाभर अभ्यास बाजूला ठेवून करंज्या करता येतात. हे सगळं खरं. पण घरी मुलं तुम्हालाही दिवसभर वाचत असतात, ते कोणी सांगत नाही. धाकटा आठ वर्षांचा असताना आम्ही बायबलमधलं स्तोत्र १०३ पाठ करत होतो, त्यात देवाला मंदक्रोध म्हटलंय. त्याने विचारलं मंदक्रोध म्हणजे काय, मी सांगितलं की ज्याला राग लवकर येत नाही तो. अर्ध्या तासाने भागाकार. तिसऱ्यांदा तीच चूक, गॅसवर दूध उतू गेलेलं, दारात कुरिअरवाला, आणि मी वही टेबलावर आपटली. पोरगा शांतपणे म्हणाला, "मम्मी, तुझा क्रोध मंद नाहीये." मी ओट्याकडे तोंड करून दूध पुसत राहिले. मग त्याच्यासमोर बसून माफी मागितली आणि त्या दिवशी भागाकार झालाच नाही.

तर श्रद्धेसाठी म्हणून घरशाळा करत असाल तर एवढं धरून चाला की वचन शिकवणं हे त्यातलं सोपं काम आहे. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलायला सांगितलंय, ते शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईलाही जमतं, स्कूटरवर मागे बसवून नेतानासुद्धा जमतं. आणि एक धीराचं सांगते, माझ्या मुलांना पाठ केलेल्या स्तोत्रांपेक्षा मी मागितलेल्या माफ्या जास्त आठवतात. हसतात माझ्यावर.

दिवस कसा जातो

शाळेत सकाळी सातला व्हॅन, दीडला घरी, जेवण, होमवर्क, संध्याकाळी ट्यूशन. घरशाळेत पाचवीपर्यंत खरा अभ्यास दोन-अडीच तासांत संपतो, पन्नास पोरांची हजेरी नाही की कोणासाठी थांबणं नाही, म्हणून. ऐकायला फार छान वाटतं. पण उरलेला अख्खा दिवस तुमच्या पदरात असतो हेही त्याच वाक्यात वाचा. घरात कोणीतरी मोठं माणूस सकाळी नऊ ते एक मोकळं हवं, मोबाईल बाजूला ठेवून. दोघं नोकरीवर आणि घरी फक्त आजी असेल तर मी स्पष्ट सांगते, शाळाच बरी, आजीवर ते ओझं टाकू नका. आणि नवऱ्याने एक तरी विषय पूर्ण घ्यायलाच हवा. आमच्याकडे विज्ञान त्यांच्याकडे आहे, रात्री जेवणानंतर, आणि ज्या महिन्यात त्यांची शिफ्ट बदलते त्या महिन्यात विज्ञानाची बोंब.

पुस्तकं

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. एका ओळखीच्यांचं ऐकून अमेरिकेतला तयार ख्रिस्ती अभ्यासक्रम मागवला, प्रत्येक पानावर वचन, चित्रं सुंदर, किंमत डोळे पांढरे करणारी. चार महिन्यांनी मुलीला निकेल, डाइम, क्वार्टर ही तिकडची नाणी सगळी पाठ, इंच-फूट पाठ, आणि भाजीवाल्या मावशींनी पन्नासातून सदतीस गेले किती असं विचारल्यावर माझ्याकडे बघतेय. इतिहासात अमेरिकेला गेलेली यात्रेकरूंची जहाजं, शिवाजी महाराज नाहीत. ती पुस्तकं गोष्टी वाचायला ठेवली आणि बालभारतीवर आलो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही मिळतात, आणि वचनासाठी घरात पवित्र शास्त्र आहेच की, त्याला वेगळं पॅकेज कशाला? मराठी तर मुलांचं पवित्र शास्त्र मोठ्याने वाचूनच सुधारलं, इंग्रजी मीडियमच्या भावंडांना जे जोडाक्षर अडतं ते धाकटा सहज वाचतो. इथे घरशाळा जिंकली, माझ्यापुरतं तरी.

सोबत

इथे शाळा जिंकली, तेही मोठ्या फरकाने. संडे स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा (व्हीबीएस), कॉयर, सगळं आहे, पण तिथे भेटणारी सगळी आपलीच पोरं. मुलीच्या बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण गणपतीत मोदक आणायची, नाताळला आमच्याकडे फराळाला यायची, एकदा दोघींचं भांडण झालं की देव एक आहे की खूप आणि दुसऱ्या दिवशी परत एकच डबा. असं भांडण घरात कुठून आणणार? धाकट्यासाठी आम्ही मुद्दाम सोसायटीतलं क्रिकेट आणि तबल्याचा क्लास लावला. तरी आंतरशालेय स्पर्धेत त्याला खेळता येत नाही कारण नाव शाळेकडूनच जातं, आणि स्कॉलरशिप परीक्षाही त्याच कारणाने गेली. सासूबाईंना याचंच दुःख जास्त.

कागदपत्रं (कंटाळवाणं, पण वाचाच)

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य लिहिलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा लिहिलेली नाही, आणि घरशाळेचं नावही कुठे नाही. म्हणजे परवानगीचा कागद कुठे मिळत नाही, कोणी विचारलं तर दाखवायला मुलांच्या वह्या, पुस्तकांची यादी आणि तारखा लिहिलेली डायरी नीट ठेवा. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये वयानुसार वर्गात थेट प्रवेशाची सोय आहे, म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी जमलं नाही तर दार बंद होत नाही. मुलीच्या वेळी एका शाळेने खूप फिरवलं, दुसरीने एक छोटी टेस्ट घेऊन आठवीत बसवलं.

दहावीला मुख्य रस्ते दोन. एक, एनआयओएस. ही राष्ट्रीय मुक्त शाळा १९८९ पासून आहे, दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि मराठी माध्यमही आहे. हळू शिकणाऱ्या मुलासाठी याच्यासारखं दुसरं नाही, एकेक विषय सोडवता येतो. दुसरा, आपल्या राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा. तिथे पाचवी पास असणं आणि शाळा सोडल्याचा दाखला विचारतात, म्हणून हा रस्ता घ्यायचा असेल तर पाचवीपर्यंत शाळेत ठेवून मग काढलेलं सोयीचं. तो दाखला पुढे जन्मतारीख, जातीचा दाखला, कुठे कुठे लागतो. ज्या घरात जातीचा दाखला काढायचाय त्यांनी वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला आत्ताच शोधून ठेवा. केंब्रिज या परदेशी बोर्डाचा पर्यायही आहे, पण तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता म्हणून त्यावर बोलत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगायचं तर फी, व्हॅन, युनिफॉर्म वाचतो, पण एक पगार कमी होतो किंवा अर्धा होतो. हिशोब त्या पगाराचा करा, वह्यांचा नको.

आता ताई, तुमच्याबद्दल. मुलगी तिसरीत आहे, मैत्रिणी आहेत, टीचर आवडते असं तुम्हीच सांगितलंत, तर तिला राहू दे, निदान पाचवीपर्यंत, दाखलाही होईल. संध्याकाळी तिच्याबरोबर रोज एक अध्याय वाचा, तेवढं पुरतं. मुलगा साडेपाचचा, शाळेत जाताना रोज रडतो, त्याला मी असते तर एक वर्ष घरी ठेवला असता. अक्षरं, शंभरपर्यंत आकडे, भरपूर गोष्टी आणि मातीत खेळणं, एवढं कोणतीही आई शिकवू शकते, तुम्ही तर बीकॉम आहात. पुढच्या जूनमध्ये दोघं नवरा-बायको परत बसा आणि बघा. फक्त पाळकबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर उपासनेनंतरच्या चहाला अख्खी मंडळी तुमच्या मुलाला सातचा पाढा विचारत बसेल, माझ्या धाकट्याला अजून विचारतात.