पीयूचे पैसे घेऊन लॅकर मारला: कपाटांच्या रंगकामातील फसवणूक

डोंबिवलीतील आमच्या घरात स्वयंपाकघरातली आणि झोपण्याच्या खोलीतली भिंतीतली कपाटे वीस वर्षांपूर्वी प्लायवर वेनियर लावून करून घेतलेली आहेत. प्लाय अजून भक्कम असल्यामुळे ती मोडण्याऐवजी रंगवावीत असे ठरले, आणि ओळखीतून आलेल्या एका ठेकेदाराने १८० चौरस फुटांचे काम २२० रुपये दराने, म्हणजे ३९,६०० रुपयांत, पीयू (पॉलियुरेथेन) रंगात करून देण्याचे कबूल केले. त्यांपैकी २५,००० रुपये मी आधीच देऊन टाकले. लेखी म्हणून माझ्याकडे ‘पीयू फिनिश’ एवढे दोनच शब्द लिहिलेली चिठ्ठी होती.

पीयू हा सहसा दोन भागांचा रंग असतो. रंगाबरोबर तो कडक करणाऱ्या हार्डनरचा वेगळा डबा येतो, दोन्ही कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात, आणि मिसळल्यावर काही तासांतच ते मिश्रण घट्ट होऊ लागत असल्याने उरलेला रंग दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. आमच्याकडे मात्र सोमवारी कालवलेला रंग झाकण लावून बाल्कनीत ठेवला होता आणि बुधवारपर्यंत तोच स्प्रे गनमध्ये भरला जात होता. सीलबंद डबे मी मागितले तेव्हा ‘दुकानातूनच मिक्स करून आणतो’ असे उत्तर मिळाले, आणि ते मी मानले, याचे मला अजून वाईट वाटते.

पूर्वतयारीतही तशीच चोरी झाली. शेगडीजवळच्या शटरवरचा (कपाटाच्या दारावरचा) तेलकट थर आधी धुऊन, जुने पॉलिश १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, त्यावर प्रायमर आणि लांबी करून, पुन्हा ३२० नंबरने घासायला हवे होते. एवढ्या कपाटांना त्यासाठी दोन-तीन दिवस सहज लागतात; येथे ते अर्ध्या दिवसात उरकले, आणि शटर बिजागऱ्यांवरून उतरवलेही नाहीत.

तिसऱ्या महिन्यात मुठींभोवतीचा रंग चिकट होऊन सुटू लागला. शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या एका वयस्कर पॉलिशवाल्यांनी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेला कापूस शटरच्या आतल्या कडेवर घासला, तेव्हा रंग विरघळून कापसावर आला. पूर्ण वाळलेला पीयू असा विरघळत नाही; एनसी लॅकर हा हार्डनर न लागणारा साधा रंग मात्र कितीही जुना झाला तरी त्याच्या थिनरने सुटतो. हीच परीक्षा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, काम संपून आठवडा झाल्यावर, न दिसणाऱ्या कडेवर घेतली असती तर उरलेले १४,६०० रुपये तरी हातात राहिले असते.

ठेकेदार आता फोन घेत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. पक्क्या बिलाअभावी चिठ्ठी, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि कामाची छायाचित्रे एवढाच पुरावा जोडता आला. नव्या कारागिराने पहिल्या शटरवरचा सगळा थर खरवडून काढला, तेव्हा खाली जुन्या पॉलिशची चकाकी जशीच्या तशी निघाली.