स्वतःचं संकेतस्थळ, सतरा महिन्यांनंतर: अक्षरजुळणीचं काम कुठून आलं

गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे शोधातून आपल्या संकेतस्थळावर किती माणसं आली ते सांगणारी सोय, मागच्या १६ महिन्यांचाच हिशेब दाखवतं. माझ्या संकेतस्थळाला आता सतरावा महिना लागलाय आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांचे आकडे दिसेनासे व्हायला लागलेत. ते जाण्याआधी मी वहीत उतरवून घेतले. ते उतरवताना वाटलं, की आपल्यासारखं एकट्याने काम करणाऱ्या कुणाला हा अनुभव उपयोगी पडेल.

मी पुण्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी, करते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात १९ वर्षं पुस्तकांची पानं लावली. तो बंद झाला तेव्हा हातात कसब भरपूर होतं, पण ते माझ्याकडे आहे हे छापखान्याबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तकावर प्रकाशकाचं, मुद्रकाचं, मुखपृष्ठकाराचं नाव असतं. पानं लावणाऱ्याचं क्वचितच असतं.

आधी सगळे सांगतात तेच केलं. ‘पर्सनल ब्रँडिंग’चा एक ऑनलाइन वर्ग लावला, १२ हजार रुपये भरून. तिथे शिकवलं ते असं: चांगला फोटो काढा, लिंक्डइनवर रोज एक पोस्ट टाका, तुमच्या आयुष्यातला एखादा धडा लोकांना सांगा, शेवटी प्रश्न विचारा. तीन महिने इमानदारीने केलं. अंगठे आले, अभिनंदनं आली. काम एकही आलं नाही. त्या वर्गाला मी खोटं म्हणणार नाही, व्याख्यानं देणाऱ्यांना किंवा सल्लागारांना तो कदाचित उपयोगी पडत असेल. पण पुस्तक लावून घ्यायचंय तो माणूस माझ्या आयुष्याचे धडे शोधत नसतो. त्याची फाइल बिघडलेली असते आणि ती त्याला सुधारून हवी असते.

हे मला फार उशिरा, आणि तेही एका जुन्या सहकाऱ्याच्या फोनमुळे कळलं. रात्री साडेदहाला त्याने विचारलं, ‘‘ताई, कन्व्हर्ट केलेल्या फाइलीत सगळीकडे ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालंय, आता काय करू?’’ सह्याद्रीतल्या दऱ्यांवरचं पुस्तक होतं आणि प्रत्येक पानावर समुद्र आला होता. त्याला फोनवर सांगितलेलं सगळं दुसऱ्या दिवशी मी लिहून काढलं. तोच संकेतस्थळावरचा पहिला लेख.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. श्रीलिपी या जुन्या मराठी टंकन-सॉफ्टवेअरच्या काळातल्या फाँटांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गिचका दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीत, आणताना बराचसा नीट येतो, पण रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांपाशी गडबड होते. त्यात युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो: एक नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त देऊन, दुसरी साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारी जोडखूण घालून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, म्हणून ‘शोधा आणि बदला’ चालवलं तरी निम्मे शब्द तसेच राहतात. ‘ॲ’चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. पण ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला मजकूर आजही सर्रास येतो.

या लेखाला पहिले दोन महिने कुणी विचारलं नाही. रोज उघडून बघायचे आणि आकडा शून्य. तिसऱ्या महिन्यात शोधातून माणसं येऊ लागली. रोज तीन-चार, कधी सात. लिंक्डइनवरच्या एका पोस्टला दिवसात चारशे जण बघत होते, त्यापुढे हे काहीच नाही. पण या सातांतल्या प्रत्येकाची फाइल त्या क्षणी बिघडलेली होती.

पाचव्या महिन्यात लातूरहून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. त्यांचा कोश २००३ साली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेला होता, ६४० पानांचा, आणि त्यांना दुसरी आवृत्ती काढायची होती. ‘‘बाई, तुम्ही लेखात जे लिहिलंय, तसंच माझं झालंय. तुम्हाला आधी पैसे पाठवू का आधी फाइल?’’ मी दर सांगायच्या आधीच विश्वास बसला होता. १९ वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्या कामाला चार महिने लागले आणि त्या एका कामात संकेतस्थळाचा सगळा खर्च निघाला, वर्गाची फीसुद्धा.

अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंकही असाच आला. तीस-बत्तीस लेखक, प्रत्येकाची टंकनाची तऱ्हा वेगळी: कुणी मोबाइलवर, कुणी इनस्क्रिप्ट कळफलकाने, कुणी बोलून लिहिलेलं. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात होती आणि जोडाक्षरं सुटत होती. तिथल्या संपादकांनी शोध घेतला तेव्हा माझा लेख सापडला: परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (मजकुराच्या ओळी जुळवणारी सोय) निवडायचा. ते त्यांनी स्वतः केलं, प्रश्न सुटला, आणि मग म्हणाल्या, ‘‘अंकच तुम्ही लावून द्याल का?’’ उपाय फुकट दिला तर काम कोण देईल, ही भीती मलाही होती. उलट झालं. उपाय कळल्यावर लोकांना कामाचा आवाका कळतो.

आता खुद्द साधनाबद्दल. मी वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवायचं सॉफ्टवेअर वापरते, स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाने घेतलेल्या पत्त्यावर. फुकट ठिकाणीही लिहिता येतं, पण डोमेन आपलं असलं तर उद्या जागा बदलली तरी पत्ता बदलत नाही, आणि लोकांनी जतन केलेले दुवे चालू राहतात. सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडली की पानाच्या आत तशी खूण जाते. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दिसतात. मी टिरो देवनागरी मराठी हा फाँट घेतला. तो फुकट आहे आणि हिंदीसाठी त्याच घराण्यातला वेगळा फाँट आहे. मराठी अक्षरांच्या वळणाबद्दल लिहिणाऱ्या माणसाच्या पानावर हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला तर वाचणाऱ्याने का विश्वास ठेवावा?

त्रासही झाला. सगळ्यात मोठा, देवनागरी दुव्यांचा. शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस दुवाही मराठीतच बनवतं. दिसतो छान. पण आत प्रत्येक अक्षराची नऊ चिन्हं होतात, काना-मात्रा वेगळी मोजली जाते आणि दुव्याची मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे साधारण २२ अक्षरांनंतर दुवा तुटतो, बऱ्याचदा शब्दाच्या मधोमध. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते आणि समोरच्याला तो फसवणुकीचा मेसेज वाटतो. पहिले सहा लेख असे गेले. आता दुवा मी हाताने, छोटा, रोमन अक्षरांत लिहिते. जुने दुवे बदलले तेव्हा नव्या पत्त्याकडे वळवायची सोय करून मगच बदलले, नाहीतर शोधातून येणारा माणूस बंद दारावर आला असता. डोमेन मात्र .भारतचं घ्यायची फार इच्छा असूनही घेतलं नाही, कारण काही ठिकाणी ते मूळ अक्षरांऐवजी ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात दिसतं. ग्राहकाला फोनवर सांगता येईल असा पत्ता मला हवा होता.

दुसरा त्रास होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेचा. पहिल्या वर्षी २,२०० रुपये, नूतनीकरणाला ६,९००. हे बिलाच्या पानावर बारीक अक्षरांत होतं आणि मी वाचलं नव्हतं. शिवाय ऐन दिवाळी अंकाच्या दिवसांत संकेतस्थळ दीड दिवस बंद पडलं आणि मदत कक्षाकडून ठरावीक उत्तरांपलीकडे काही मिळालं नाही. तेव्हापासून दर रविवारी सगळ्याची प्रत माझ्या हार्डडिस्कवर घेते. प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयी, चारच ठेवलेत, आधी अकरा होते आणि पान उघडायला मोबाइलवर वेळ लागायचा.

अलीकडे शोधाच्या पानावरच वर तयार उत्तर मिळतं, त्यामुळे माझ्या काही लेखांवर येणारी माणसं कमी झालीत. ‘फाँट कसा बदलायचा’ अशा साध्या प्रश्नांचे लेख जवळजवळ वाचलेच जात नाहीत. पण ज्यात माझ्या प्रत्यक्ष फाइलींचे आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत, कुठे चुकले आणि किती दिवस लागले ते लिहिलंय, ते लेख अजून टिकून आहेत. आता तसेच लिहिते. महिन्याला एक, कधी दीड महिन्याने एक. एका लेखाला माझे दोन पूर्ण दिवस जातात, आणि ते दिवस कामाच्या हिशेबात धरायला मी आता शिकलेय.

सतरा महिन्यांत २३ लेख झाले, १४ कामं आली. नऊ थेट शोधातून, चार त्याच ग्राहकांनी पुढे पाठवलेली, एक लिंक्डइनवरून. ते एक कामही, तिथे लेखाचा दुवा दिला होता म्हणून आलं. लिंक्डइनचं खातं बंद केलं नाही. लोक फोन करण्याआधी तिथे जाऊन नाव-चेहरा बघतात, तेवढा त्याचा उपयोग आहे आणि तो खरा आहे.

पुढच्या महिन्यात घरभाडं द्यायचंय आणि काम आजच हवंय, अशा वेळी हे करू नका. तेव्हा ओळखीच्या दहा प्रकाशकांना फोन करा, पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, चक्कर मारा. मीही पहिले पाच महिने लग्नपत्रिका आणि परिशिष्टं लावूनच काढले. पण ज्याच्या हातात एखादं बारीक कसब आहे, मग ते शिलाई मशीनची दुरुस्ती असो किंवा सातबारा वाचणं, आणि ज्याला लोक आधीपासूनच अडचणीत फोन करतात, त्याने तो फोन ठेवल्यावर लगेच सगळं लिहून काढावं. प्रश्न त्या माणसाच्याच शब्दांत शीर्षकात घ्यावा. माझ्याकडे येणारे पुष्कळजण मराठी प्रश्न रोमन लिपीत टंकतात, म्हणून पहिल्या परिच्छेदात मी एकदा तसंही लिहून ठेवते.

होस्टिंग बदलायचं काम या आठवड्यात धरलंय. लातूरच्या सरांच्या कोशाची दुसरी आवृत्ती बांधणीला गेली आहे. श्रेयनामावलीत ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे माझं नाव आहे आणि त्याखाली संकेतस्थळाचा पत्ता. तो घालायचं सरांनीच सुचवलं, प्रूफावर लाल शाईने लिहून.