नाटकाच्या साउंडसाठी लॅपटॉप : रायझन ७ ७८४०यू आणि लिनक्स

मी व्यावसायिक नाटकांना साउंड ऑपरेट करते. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, कधी मुलुंडचं कालिदास. रविवारी तर दुपारी एकीकडे, रात्री दुसरीकडे. पार्श्वसंगीताचे सगळे क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी वाजवायचे तुकडे, लॅपटॉपवरून सुटतात आणि प्रयोगभर तो लॅपटॉप बॅटरीवर चालतो. हौस म्हणून नाही. चार्जर लावून ठेवला आणि हेडफोनच्या भोकातून मिक्सरला वायर दिली की अर्थिंगच्या गोंधळामुळे स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू होतं. मधे डीआय बॉक्स (आवाज जाऊ देऊन अर्थिंगचा दुवा तोडणारा छोटा डबा) घातला की जातं, पण दौऱ्यावर तो हाताशी असेलच असं नाही. चार्जर काढणं कुठेही जमतं.

म्हणून नवा लॅपटॉप घेताना पहिली अट बॅटरीची. दुसरी लिनक्सची (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), कारण माझे क्यू लिनक्स शो प्लेअर या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेले आहेत आणि तो विंडोजवर चालत नाही. या दोन अटी तुमच्याही असतील तर सरळ सांगते, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेऊ नका. मी घेतला त्यात रायझन ७ ७८४०यू ही एएमडीची प्रोसेसर चिप आहे, ग्राफिक्स तिच्या पोटातच, नाव रेडिऑन ७८०एम. डब्यावर नाव कोणाचं आहे याने फार फरक पडत नाही, आत काय आहे याने पडतो, म्हणून हे परीक्षण चिपचं.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर त्या नावाने विचारून बघा.) दुकानदाराचा आग्रह ठरलेला : “ताई, एवढे पैसे टाकताय तर ग्राफिक कार्डवाला घ्या ना. काम नसेल तेव्हा कार्ड झोपतं.”

तो खोटं बोलत नव्हता. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडियाने २०१० साली ऑप्टिमस आणलं तेव्हापासून कल्पना तीच आहे : रोजचं चित्र चिपमधल्या साध्या ग्राफिक्सने काढायचं आणि जड काम आलं की कार्ड उठवायचं. लिनक्सवरही हे आता होतं. एन्व्हिडियाच्या ट्युरिंग पिढीचं किंवा त्यानंतरचं कार्ड असेल, बायोसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) साथ दिली असेल आणि ड्रायव्हर नीट बसला असेल, तर कार्डाची वीज पूर्ण तुटते. पण झोपलेल्या कार्डाला उठवायला फार काही लागत नाही. तापमान दाखवणारं एखादं विजेट दर काही सेकंदांनी त्याला हाक मारत राहिलं तरी पुरे.

आणि खरी गोम एचडीएमआयच्या भोकात आहे. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ते भोक थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं असतं. प्रोजेक्टरची वायर खोचली की कार्ड जागं, आणि वायर निघेपर्यंत जागंच. हल्ली नेपथ्यात प्रोजेक्शन असलेली नाटकं कमी नाहीत, म्हणजे दोन्ही अंक ते जागं राहणार. हिशेब करा. ५० वॉट-अवरची बॅटरी ६ वॉटने खर्च झाली तर आठ तास जातात. १५ वॉटने झाली तर तीन तास वीस मिनिटं, आणि त्यात साउंड चेक, मध्यंतर आणि उशिरा झालेली तिसरी घंटा, सगळं बसवायचं. दुकानदार म्हणाला, गेमिंगवाल्याची बॅटरी मोठी असते. असते, आणि वजनही. ते ओझं दादरच्या पुलावरून त्याने न्यायचं नव्हतं.

ड्रायव्हरचा मुद्दा थोडक्यात. एन्व्हिडियाने मे २०२२ मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, भाग खुला केला, वरचा थर अजून बंदच आहे. बहुतेक ठिकाणी कर्नल बदलला की ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं, सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर त्यावर सहीही करावी लागते. बहुतेक वेळा हे आपोआप पार पडतं. माझ्या धंद्यात ‘बहुतेक वेळा’ चालत नाही. एएमडीचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, वर मेसा हा ग्राफिक्सचा खुला थर असतो, वेगळं काही बसवायचं नाही. इंटेलच्या चिपमधल्या ग्राफिक्सचंही तसंच, त्यामुळे इंटेलवाला चांगल्या भावात मिळाला असता तर मी तोही घेतला असता.

आता दुकानात डोळे उघडे ठेवायची जागा. रायझनच्या ७००० मालिकेत पहिला आकडा बघून फसायला होतं. ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तिन्ही नावं शेजारी ठेवली तर भावंडं वाटतात. तिसरा आकडा वाचा, तो चिपच्या गाभ्याची पिढी सांगतो : २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. ७५३०यूमध्ये जुनं व्हेगा ग्राफिक्स आहे, त्याला एव्ही१ या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडता येत नाही, मग यूट्यूब बघतानाही प्रोसेसर राबतो आणि बॅटरी उतरते. ७५४०यूमध्ये आरडीएनए ३ हे नवं ग्राफिक्स आहे. दुकानातल्या पोराने मला तिन्ही “सेम टू सेम” म्हणून दाखवले.

मी लाइव्ह लिनक्सचा, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या लिनक्सचा, पेन ड्राइव्ह बरोबर नेला होता. डिस्प्लेचा पीस सुरू करून द्यायला मालक जरा कुरकुरला, मग दिला. वायफाय दिसतं का, झाकण मिटून उघडल्यावर चित्र परत येतं का, दुकानातल्या मॉनिटरवर एचडीएमआय जातं का, एवढंच बघितलं. शेवटी टर्मिनलमध्ये यूपॉवर या छोट्या प्रोग्रॅमला विचारलं, तो बॅटरीतून किती वॉट निघताहेत ते सांगतो. हा आकडा कुठल्याही पत्रकावर छापलेला नसतो.

प्रयोगात अनुभव असा : ब्राइटनेस तळाला, कारण विंगेतला उजेड प्रेक्षकांना दिसता कामा नये. वायफाय बंद, पॉवर सेव्हर चालू. सहा वॉटच्या आतबाहेर खेळतो. दुपारचा प्रयोग उरकून सामान बसमध्ये चढतं तेव्हा निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक असते, रात्रीचाही त्यातच निघतो. पंखा प्रयोगात सहसा फिरतच नाही. शांत प्रसंगात माझ्या पुढ्यातून घरघर ऐकू आली तर नट मला मध्यंतरात सोडणार नाहीत.

लिनक्सची फेडोरा ही आवृत्ती वापरणार असाल तर एक काम पहिल्याच दिवशी करा. पेटंटच्या भानगडीमुळे २०२२ पासून फेडोराच्या मेसामधून एच.२६४ आणि एचईव्हीसी या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारांचं हार्डवेअर डिकोडिंग काढलेलं आहे. आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून मेसाचं फ्रीवर्ल्ड पॅकेज घ्यावं लागतं, नाहीतर प्रोजेक्शनची क्लिप प्रोसेसरवर चालते आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

तक्रारी आहेत. पूर्वीसारखी खोल झोप, ती एस३, या लॅपटॉपमध्ये नाही. झाकण मिटून रात्रभर बॅगेत ठेवला की सकाळी बॅटरी उतरलेली दिसते, त्यामुळे मी सरळ शटडाउन करते. रॅम बोर्डलाच डकवलेली आहे, नंतर वाढवता येत नाही, आणि ग्राफिक्सही त्याच रॅममधून वाटा काढतं. म्हणून ३२ जीबी घेतली. फक्त ऑडिओ असता तर १६ पुरली असती.

क्यूडा (कार्डावर जड गणितं चालवायची एन्व्हिडियाची सोय) लागणाऱ्यांनी, म्हणजे थ्रीडी रेंडरिंग किंवा मशीन लर्निंगवाल्यांनी, माझं ऐकू नये. त्यांना एन्व्हिडियाच लागेल. व्हिडिओ एडिटिंगसाठी विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४च्या फाइल उघडत नाही, कार्ड कितीही महागाचं असो. आधी ते सॉफ्टवेअर ठरवा, मग लॅमिंग्टन रोड गाठा.