भरलेल्या कॅसेटी पुन्हा ऐकताना : डिजिटल रूपांतराच्या एका घरगुती सेवेविषयी

साताऱ्याच्या आमच्या घराचा माळा या वर्षी आवरला, तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत अकरा कॅसेटी सापडल्या. त्या विकत आणलेल्या तयार कॅसेटी नव्हत्या, १९८६ ते १९९३ या काळात घरी आणि बाजारात ‘भरलेल्या’ कॅसेटी होत्या. त्या काळी कोरी नव्वदची कॅसेट आणायची आणि आवडीच्या गाण्यांची यादी दुकानात द्यायची, की दुकानदार चार दिवसांनी ती भरून देत असे. कायद्याच्या दृष्टीने हा व्यवहार निर्दोष नव्हता, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते. दुकानात न मिळणारी गाणी माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, टू-इन-वनवर विविध भारतीवरून टिपत असे किंवा शेजाऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेयरसमोर आमचा टेप ठेवून उतरवून घेत असे. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मिळत, त्यामुळे शेवटचे गाणे अर्ध्यावर तुटू नये म्हणून तो वहीत मिनिटांची बेरीज करी आणि तीन-चार मिनिटे उरलीच तर तेवढ्याच लांबीची सतारीची किंवा सनईची एखादी धून शोधून आणी.

या अकरा कॅसेटींचे डिजिटल रूपांतर मी पुण्यात करून घेतले, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. हे काम करणारे गृहस्थ सदाशिव पेठेतील आपल्या राहत्या घरातूनच ते करतात, दारावर पाटी लावत नाहीत आणि नाव जाहीर करू नये अशी त्यांची विनंती आहे. नाव नसले तरी त्यांच्या कामाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण असे काम कोठेही करून घेताना नेमके काय पाहावे हे मला त्यांच्याकडे गेल्यावरच समजले.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी मी तीन कॅसेटी दुसऱ्या एका ठिकाणी दिल्या होत्या. तेथून आठवड्याच्या आत पेनड्राइव्ह मिळाला. त्यात प्रत्येक गाण्याची स्वतंत्र एमपी३ फाइल होती, खरखर काढून टाकलेली होती आणि फाइली गाण्याच्या पहिल्या अक्षरानुसार लावलेल्या होत्या. खरखरीबरोबर तंबोऱ्याची झळाळी गेली होती आणि तबल्याच्या चाटेवरचा आवाज बोथट झाला होता, पण मला अधिक खटकले ते वेगळेच. दोन गाण्यांमधली जागा संपूर्ण कापून टाकलेली होती. निवेदकाचे अर्धे राहिलेले वाक्य, रेकॉर्डवर सुई टेकल्याचा आवाज, दादाने पॉजचे बटण सोडल्याची टिचकी, यातले काहीच उरले नव्हते. त्या मंडळींच्या लेखी कॅसेट म्हणजे गाणी ठेवण्याची डबी होती. गाणी तर आज फोनवरही मिळतात आणि बहुतेक वेळा अधिक स्वच्छ आवाजात मिळतात. मला हवी होती ती दादाने लावलेली बाजू, तिच्या क्रमासकट आणि जोडांसकट.

सदाशिव पेठेतील गृहस्थांनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा : ‘‘गाणी हवी आहेत की कॅसेट हवी आहे?’’ या प्रश्नामुळेच मी निश्चिंत झाले.

ते एका वेळी चारच कॅसेटी घेतात. कॅसेट हातात घेतल्यावर ते ती उजेडासमोर धरून फितीच्या कडेवर बुरशीची पांढरट पूड दिसते का ते पाहतात आणि फीत हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, दाबून धरणारी नमद्याची बारीक गादी जागेवर आहे की नाही ते तपासतात, कारण जुन्या कॅसेटींमध्ये गादीचा डिंक वाळतो आणि ती गळून पडते. कवच पाच स्क्रूंचे असेल तर उघडणे सोपे जाते. चिकटवलेले असेल तर ते पात्याने फोडावे लागते आणि आतील फीत दुसऱ्या कवचात बसवावी लागते. माझ्या दोन कॅसेटींवर ही शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही वाचल्या.

खरे कौशल्य त्यानंतरचे आहे. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. एवढ्याशा रुंदीत दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार पट्टे नोंदलेले असतात. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचे हेड किंचित तिरपे असेल आणि आज वाजवणाऱ्या यंत्राचे सरळ असेल, तर वरचे सूर दबतात आणि सगळे गाणे गोधडीआडून ऐकल्यासारखे वाटते. त्यामुळे हे गृहस्थ प्रत्येक कॅसेटसाठी, आणि गरज पडल्यास प्रत्येक बाजूसाठी, डेकच्या हेडचा स्क्रू फिरवून कोन नव्याने जुळवतात. दोन्ही वाहिन्या एकत्र करून ते कान देऊन ऐकत राहतात आणि झांजेचा आवाज सर्वांत लख्ख होईल त्या जागी थांबतात. आमच्या टू-इन-वनवर भरलेल्या एका कॅसेटवर त्यांनी हे माझ्यासमोर करून दाखवले. स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरला आणि टाळांचा आवाज अचानक खोलीत आला. ज्याला खरखर समजून पहिल्या ठिकाणी पुसून टाकले होते त्यात किती गाणे दडलेले होते, हे त्या पाव फेऱ्यात मला कळले.

दुसऱ्या एका कॅसेटच्या ब बाजूवर शेवटच्या पंधरा मिनिटांत सूर हळूहळू चढत जात होते. त्यांनी विचारले, ‘‘हे भरताना वीज गेली होती का?’’ गेली असणारच, कारण त्या वर्षी उन्हाळ्यात आमचा टेप बहुतेक सेलवरच चालत असे. सेल उतरत गेले की मोटर मंदावते, मंद वेगाने भरलेली फीत ठीक वेगाने वाजवली की सूर चढतात. त्यांनी त्याच गाण्यांच्या प्रकाशित आवृत्त्यांशी स्वर ताडून वेग दुरुस्त केला, परंतु मूळ चढती प्रतही वेगळी ठेवून दिली. आपल्या मताने एक प्रत ठरवून दुसरी नष्ट करायची नाही, हा त्यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो.

हातात येते ते असे : प्रत्येक बाजूची एक अखंड वेव्ह फाइल, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झची, म्हणजे नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटला सुमारे तीन जीबी. रोज ऐकण्यासाठी तिचीच लहान एमपी३ प्रत, कव्हरच्या आतील कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि कोणते गाणे कितव्या मिनिटाला सुरू होते याची हाताने लिहिलेली यादी. खरखर कमी केलेली प्रत मागितली तरच देतात. मी मागितली नाही.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट प्रथम दाखवली, तेव्हा तिचा मुख्य उपयोग बोलणे नोंदवण्यासाठी होईल अशी कल्पना होती. लू ओटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या त्या लहानशा पेटीने पुढे सामान्य श्रोत्याच्या हाती प्रथमच क्रम लावण्याचा अधिकार दिला. रेकॉर्डवर कंपनीचा क्रम असे, रेडिओवर केंद्राचा असे. कॅसेटवर मात्र साताऱ्यातला एक अकरावीतला मुलगा ठरवू शकत होता, की या गाण्यानंतर हेच यायला हवे.

तो काय ठरवत होता हे मला पस्तीस वर्षांनी कळले. पहिल्या ठिकाणी तुकडे झालेल्या तीन कॅसेटी मी नंतर सदाशिव पेठेत पुन्हा दिल्या. त्यांपैकी १९८९ सालच्या कॅसेटची अ बाजू अखंड ऐकताना लता मंगेशकरांचे एक चित्रपटगीत संपले, अर्धा सेकंद शांतता गेली आणि भीमसेन जोशींची द्रुत बंदिश सुरू झाली. मी ऐकता ऐकता थांबले, मागे गेले आणि पुन्हा ऐकले. दोन्हींत भीमपलास राग होता. तोच कोमल गंधार, आरोहात रिषभ आणि धैवत गाळून वर जाणारी तीच वाट. त्याच्या पुढची सनईची धूनही भीमपलासातच होती. बाजू उलटली तर तेथे यमनाने सुरुवात. दुपारचा राग एका बाजूला आणि संध्याकाळचा दुसऱ्या बाजूला अशी ती कॅसेट त्याने लावली होती. मी ती तेव्हा शंभर वेळा तरी ऐकली असेन, त्यातील सिनेमाची गाणी गुणगुणली असतील, आणि बंदिश सुरू झाली की उठून पुढे ढकलण्याचा कंटाळा येई म्हणून तीही ऐकली असेल. पुढे कॉलेजात असताना सवाई गंधर्व महोत्सवात पहिल्यांदा बसले तेव्हा ख्याल मला परका का वाटला नाही, याचे उत्तर बहुधा त्या अर्ध्या सेकंदाच्या जोडात आहे. अक्षरांनुसार लावलेल्या फाइलींमध्ये ही दोन गाणी एकमेकांपासून चौदा जागा दूर पडली होती.

मी नाशिकला दादाला फोन केला आणि त्याने तेव्हा हे सांगितले का नाही ते विचारले. तो म्हणाला, ‘‘सांगितलं असतं तर तू रागाचं नाव पाठ केलं असतंस. मला तुला नुसतं ऐकवायचं होतं.’’ त्यानंतर आम्ही तासभर, ब बाजूवरील तिसरे गाणे तेथे असायला हवे होते की नको, यावर बोलत राहिलो. गाण्यावर इतके मनापासून आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

आता उणिवा. दोन आठवड्यांचे काम पाच आठवड्यांवर गेले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटे द्यावीच लागतात आणि काम करणारे हात दोनच आहेत, हे मान्य करूनही मधल्या काळात एखादा निरोप मिळायला हवा होता असे मला वाटते. पावती मिळत नाही, कुरिअरने कॅसेटी घेत नाहीत, त्यामुळे पुण्याबाहेरच्या माणसाला दोन खेपा पडतात. दर कॅसेटमागे साडेतीनशे रुपये आणि दुरुस्ती असल्यास अडीचशे रुपये वेगळे, हा खर्च अकरा कॅसेटींना जाणवतो, तरी या कष्टांच्या मानाने तो मला कमीच वाटला. एक कॅसेट १२० मिनिटांची होती. तिची फीत फार पातळ असते. ती जागोजागी ताणली गेली होती आणि तिच्यावरील जवळपास वीस मिनिटे वाचू शकली नाहीत. हे होण्याची शक्यता त्यांनी ती हातात घेताच सांगितली होती.

बाजारात संगणकाला जोडता येणारी स्वस्त नवी यंत्रेही मिळतात आणि मी एक आणून पाहिले. पेटीत काय आहे हे एकदा ऐकून बघण्यासाठी ते पुरेसे आहे, पण त्याचा वेग डळमळतो आणि मित्राच्या चांगल्या डेकवर डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करणारी पद्धत, लावून भरलेली आमची एक कॅसेट त्यावर कर्कश वाजली, कारण डॉल्बी उलगडण्याची सोय त्यात नाही. जपून ठेवण्याची प्रत त्यावर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तसेच कोणाकडेही कॅसेटी दिल्या तरी मूळ फिती परत मागून घ्याव्यात. माझ्या अकराही कॅसेटी परत आल्या, प्रत्येकीची फीत सैल पडू नये म्हणून एका टोकाला सारखी गुंडाळलेली आणि चुकून पुसली जाऊ नये म्हणून मागच्या बाजूचे दोन्ही दात मोडलेले. ते मोडण्यापूर्वी त्यांनी मला विचारले होते.