कॅसेटवरचे आजोबा : डिजिटायझेशन सेवेचा अनुभव

आमचे आजोबा वेंगुर्ल्याला पोस्टात होते. काका नोकरीसाठी मस्कतला गेले, तेव्हा आजोबा निवृत्त झालेले होते आणि त्यांनी पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवण्यास सुरुवात केली. आखातात माणूस असलेल्या घरांत त्या काळी ही पद्धत सर्रास होती, कारण ट्रंक कॉल परवडत नसे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या सामानात एक कॅसेट सहज मावत असे. पोस्टात जन्म काढलेल्या माणसाने पोस्टाला टाळावे, याबद्दल कोणी विचारले की ते म्हणत, “पत्राला तिकीट लागतं, बडबडीला लागत नाही.”

काकांनी जपून ठेवलेल्या या कॅसेट मी ठाण्यातील एका छोट्या स्टुडिओत डिजिटायझेशनसाठी दिल्या. तेथील तांत्रिक काम अतिशय जाणकारीचे आहे. टेपच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके असलेल्या कॅसेट त्यांनी प्रथम वेगळ्या काढल्या, कारण तशीच कॅसेट वाजवली तर बुरशी डेकच्या हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या कॅसेटवर जाते. दोन कॅसेटमधील, टेपला हेडवर दाबून धरणारी नमद्याची बारीक गादी गळून पडली होती. त्यांची रिळे नव्या खोक्यात बसवली. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन वेगळा जुळवला, कारण घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेला आवाज कोन चुकल्यास दबका ऐकू येतो.

त्यांची खरी हुशारी वेगाच्या दुरुस्तीत दिसली. कॅसेटची टेप सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकावी लागते, परंतु आजोबांच्या टेपरेकॉर्डरचे सेल बहुधा उतरलेलेच असत. त्यामुळे भरताना टेप हळू फिरली आणि आता योग्य वेगाने वाजवल्यावर आजोबा शाळकरी पोरासारखे चिरचिरत बोलू लागले. एका कॅसेटमध्ये मागे रेडिओवर आकाशवाणीची सकाळची संकेतधून ऐकू येते. स्टुडिओतील गृहस्थांनी मूळ धुनेशी तिचा स्वर ताडून पाहिला आणि त्यावरून वेग बेतला, तेव्हा कोठे आजोबांचा खर्जातला आवाज परत मिळाला.

माझी तक्रार आहे ती ‘साफ केलेल्या’ प्रतीबद्दल. प्रत्येक कॅसेटच्या दोन फाइली मिळतात, एक जशीच्या तशी वेव्ह फाइल आणि दुसरी खरखर, खोकला व रिकाम्या जागा काढून टाकलेली एमपी३. आजोबा प्रादेशिक बातम्यांच्या थाटात घरची वार्ता सांगत. “तुझ्या आईचा चष्मा सकाळी हरवला. घर पालथं घातलं, विहिरीपर्यंत जाऊन आलो. शेवटी तिने कपाळाला हात लावला...” येथे ते थांबतात, टेपची सुरसुर चालू राहते, ते एकदा घसा खाकरतात आणि मग निर्विकारपणे सांगतात, “आणि चष्मा हाताला लागला.” साफ केलेल्या प्रतीत ही दोन वाक्ये एकमेकांना चिकटली आहेत आणि विनोदाचा जीव गेला आहे. इतकेच नव्हे, तर स्वयंपाकघरातून आजी जे “अहो, पुरे आता!” म्हणते, तेही पार्श्वभूमीवरचा गोंगाट समजून पुसले गेले आहे. आजीचा आवाज अन्यत्र कोठेही भरलेला नाही, हे त्या संगणकप्रणालीला कळणार नाही हे मान्य, पण ती चालवणाऱ्याने एकदा विचारायला हवे होते.

ही गोष्ट सांगताच त्यांनी आढेवेढे न घेता फक्त खरखर किंचित कमी केलेली नवी प्रत करून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दर कॅसेटमागे ३०० रुपये आकारले जातात, बुरशी काढण्याचे वेगळे. कामाच्या मानाने मला हा दर वाजवी वाटला. कॅसेट परत मिळायला मात्र सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला.

घरच्या माणसाचे बोलणे द्यायचे असेल, तर रिकाम्या जागा काढू नयेत असे पावतीवरच लिहून घ्यावे. वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा खाते, म्हणून पेन ड्राइव्ह मोठा न्यावा, आणि कॅसेटच्या वेष्टनावरील मजकुराचे फोटो आधी काढून ठेवावेत. आमच्या एका वेष्टनावर आजोबांनी लिहिले आहे : ‘बाजू ब. बाजू अ ऐकून झोप लागली नसल्यास.’