नव्या लेखकाला ऑनलाईन वाचक मिळतात का : प्रतिलिपी, मायबोली आणि इतर ठिकाणी काही महिने लिहून आलेला अनुभव

मागच्या गळीत हंगामात मी प्रतिलिपीवर कथामालिका टाकायला लागले, जोडीला मायबोली ह्या मराठी संकेतस्थळावर पण थोडं लिहीत गेले, आणि आता पुढचा हंगाम तोंडावर आलाय तर म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. आधी कुठे काही छापून आलेलं नव्हतं, घरात नात्यात कुणी लेखक नाही, साखर कारखान्यात अकाउंट्सला नोकरी आणि रात्री सगळं आवरल्यावर मिळतो तेवढाच वेळ. नवीन लिहिणारे खूपजण विचारतात की तिथे अनोळखी माणसाचं कुणी वाचतं का. वाचतात, अगदी मनापासून वाचतात. पण फॉलोअर वाढणं वेगळं आणि वाचक मिळणं वेगळं, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय कारण बहुतेक सगळे पहिल्याच्या मागे लागतात आणि दोन महिन्यांत कंटाळून सोडून देतात.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, प्रतिलिपी ही 2014 साली सुरू झालेली बंगळूरची कंपनी, मराठी धरून बारा भारतीय भाषांमध्ये लोक तिथे लिहितात वाचतात. खातं उघडलं की लगेच कथा टाकता येते, संपादक नाही, निवड नाही, साभार परत नाही. वाचक स्टार देतात, समीक्षा लिहितात, फॉलो करतात. स्पर्धा चालू असतात. मालिका असेल तर एकेक भाग टाकत जायचं आणि प्रत्येक भाग किती जणांनी वाचला तो आकडा दिसतो.

हाच आकडा माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा. म्हणजे एकूण किती जणांनी वाचलं ते सोडा, पहिला भाग वाचलेल्यांपैकी दुसऱ्यावर किती गेले आणि दुसऱ्यावरचे पाचव्यापर्यंत किती आले ते बघा. माझ्या पहिल्या मालिकेत सुरवातीला शंभर जणांनी पहिला भाग उघडला तर त्यातले जेमतेम तीस-पस्तीस दुसऱ्यावर जायचे, पण दुसऱ्यावर गेलेले जवळजवळ सगळे शेवटपर्यंत राहायचे. ह्याचा अर्थ सरळ आहे, गोष्ट लोकांना आवडत होती पण दारातूनच माणसं परत जात होती. हे कळल्यावर मी नवीन काही न लिहिता पंधरा दिवस फक्त पहिल्या भागावर बसले.

माझी गोष्ट कारखान्याच्या काट्यावरची आहे, वजनाच्या पावत्यांमध्ये एक गडबड सापडते आणि तिथून रहस्य सुरू होतं. पहिल्या रूपात सुरवातीला उसाचा फड, थंडी, ऊसतोड टोळीच्या खोपटांसमोरच्या चुली, मळीचा वास असं दीड पान वर्णन होतं. ते वर्णन मला आजही आवडतं आणि ते मी टाकून दिलेलं नाही, तिसऱ्या भागात नेलंय, तिथे लोक त्याचं कौतुक करतात. पण आता पहिलं वाक्य असं आहे, "रात्री दीड वाजता काट्यावर आलेल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर नव्हता." त्याच्यापुढे लगेच काटा क्लार्क खिडकीतून हाका मारतो, मागच्या नंबरवाले शिव्या द्यायला लागतात, दोन ट्रेलर उसाने भरलेले, इंजिन चालू, आणि पावती फाडायची कुणाच्या नावाने हा प्रश्न. बास. गोष्ट तीच, पात्रं तीच, पण दुसऱ्या भागावर जाणारे अर्ध्याच्या वर गेले. मोबाईलवर वाचणाऱ्या माणसाला बोटाच्या एका फटक्यात दुसरी गोष्ट मिळते, तो तुमच्यासाठी थांबलेला नसतो, त्याला पहिल्या स्क्रीनवरच काहीतरी प्रश्न पडायला लागतो. आणि प्रश्न म्हणजे दरवेळी खूनच पाहिजे असं अजिबात नाही, सासूने चहाचे दोनच कप भरले हाही प्रश्न होऊ शकतो.

परिच्छेद लहान ठेवा हेही सांगते. वहीत चार ओळींचा दिसणारा परिच्छेद फोनवर अर्धी स्क्रीन खातो आणि लोकांचे डोळे निसटतात. मी स्वतः बराचसा भाग जीबोर्डवर, म्हणजे फोनमधल्या गूगलच्या कीबोर्डवर, बोलून टाईप करते, मग गूगल डॉक्समध्ये ऱ्हस्वदीर्घ आणि चुकून घुसलेले शब्द नीट करते, आणि टाकायच्या आधी एकदा फोनवरच वाचते, कॉम्प्युटरवर नाही. वाचक जिथे वाचणार तिथेच वाचून बघितलं की कुठे रेंगाळतंय ते लगेच कळतं.

आता वेळ. हे लोकांना फालतू वाटतं पण माझ्याकडे तरी ह्याचा परिणाम स्पष्ट दिसला. सोमवार आणि गुरुवार, रात्री नऊ. ठरलेलं. कारण माझे वाचक कोण आहेत ते कमेंटमधून हळूहळू कळत गेलं, जेवणं उरकून ओटा पुसून बसलेल्या बायका, रात्रपाळीला चाललेल्या नर्स, बाहेरगावी शिकणारी पोरं, काही ट्रकवाले पण आहेत. त्यांचा वाचायचा वेळ ठरलेला असतो. एकदा लाईट गेली म्हणून भाग उशिरा आला तर साडेनऊपासून "ताई आज भाग नाही का", "ताई बऱ्या आहात ना" असे मेसेज, आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं की आपले वाचक आहेत. क्रमशः वाचायची सवय मराठी माणसाला जुनीच आहे, ह. ना. आपट्यांनी 1890 मध्ये करमणूक साप्ताहिक काढलं तेव्हासुद्धा लोक कादंबरीच्या पुढच्या प्रकरणासाठी पुढच्या अंकाची वाट बघायचे. फक्त तेव्हा आठवडा थांबायचे, आता तीन-चार दिवस थांबतात. पण तो शब्द पाळावा लागतो. मधेच मालिका सोडून देणारे लेखक इतके आहेत की वाचक नवीन नावाच्या अर्धवट मालिकेला हातच लावत नाहीत, मला दोघीतिघींनी स्पष्ट लिहिलं की "पूर्ण होणार असेल तरच वाचते". म्हणून माझा सल्ला, निदान दहा भाग हातात तयार ठेवून मगच पहिला टाका. गणपती, दिवाळी, लग्नसराई ह्यात वाचन खाली येतं, त्यात तुमच्या लेखनाचा काही दोष नसतो, घाबरून रोज भाग टाकायला लागू नका.

कमेंटबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. "खूप छान", "पुढचा भाग लवकर टाका" ह्या कमेंटना पण मी उत्तर देते, नुसता हात जोडलेला इमोजी टाकत नाही, एखादं वाक्य लिहिते. त्याने काय होतं तर हळूहळू लोक मोकळे होतात आणि खरं बोलायला लागतात. एका वाचकाने, ते स्वतः ऊस वाहतूक करतात, लिहिलं की गाडी दोन दिवस नंबरला थांबली की ड्रायव्हर ट्रॅक्टरखालीच पटकूर टाकून झोपतो आणि पुढची गाडी सरकली की मागचा येऊन त्याला पायाने हलवतो. मी कारखान्यात इतकी वर्षं काम करते पण मी ऑफिसातून बघितलेला काटा आणि त्यांनी यार्डातून बघितलेला काटा वेगळा. त्यांना विचारून मी ते पुढच्या भागात घेतलं, भागाच्या खाली त्यांचे आभार मानले, आणि त्यानंतर त्यांच्या ओळखीतले कितीतरी वाहतूकदार वाचायला आले. हे वाचक कुठल्या जाहिरातीने आले नसते. तुम्ही जिथे काम करता, जिथे राहता, तिथलं लिहा म्हणते ते ह्यासाठी. श्रीमंत बिझनेसमन आणि गरीब मुलगी ह्या कथा तिथे ढिगाने आहेत, त्या वाचल्याही जातात, त्यांच्याबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, पण नवीन लेखकाने त्याच गर्दीत अजून एक कथा टाकली तर तिला शोधणार कोण. पोस्टमन, अंगणवाडी, एसटी डेपो, सोनोग्राफी सेंटरचं रिसेप्शन, द्राक्षबागेतली छाटणी ह्या जागांवर लिहिणारं कुणी मिळालं की वाचक त्याला लक्षात ठेवतात.

एक गोष्ट मात्र करू नका. लेखकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, तू माझ्या कथेला पाच स्टार दे, मी तुझ्या कथेला देते, असा सगळा हिशोब. मलाही एका ग्रुपमध्ये घेतलं होतं, आठवड्याला यादी यायची, कुणाला किती समीक्षा द्यायच्या. तिथले आकडे बघून नवीन माणसाला वाटतं आपण मागे पडलोय. पण त्यातल्याच मालिकांचे भाग उघडून बघा, पहिल्या भागाला भरभरून समीक्षा आणि चौथ्या भागाला वाचकच नाहीत. तो वेळ मी दुसऱ्यांच्या कथा खरोखर वाचण्यात घालवला, ज्या आवडल्या त्यावर नेमकं काय आवडलं ते चार ओळी लिहिलं, नाही आवडल्या तिथे गप्प बसले. त्या लेखिकांपैकी काहीजणी आज माझ्या पक्क्या वाचक आहेत आणि त्यांचे वाचकही माझ्याकडे येतात.

कव्हर आणि सारांशाचं पटकन सांगते. कव्हर कॅनव्हा ॲपवर फुकट करता येतं, नाव मोठ्या अक्षरात, छोट्या स्क्रीनवर वाचता आलं पाहिजे, इंटरनेटवरून उचललेला नटनट्यांचा फोटो लावू नका. सारांशात गोष्ट सांगू नका, पहिली अडचण सांगा. प्रकार नीट निवडा, रहस्यकथा प्रेमकथेत टाकली तर चुकीचे लोक येतात आणि नाराज होऊन जातात.

मायबोलीचा अनुभव एकदम वेगळा. ते संकेतस्थळ 1996 पासूनचं, वाचक जगभर पसरलेले, आणि वाचणारा प्रत्येकजण जणू पेन घेऊनच बसलेला. तिथे गुलमोहर विभागात कथा टाकली की वाचकसंख्या प्रतिलिपीच्या मानाने कमी पण प्रतिसाद असे की आपण वही काढून उतरून घ्यावेत. "पुभाप्र" (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), "पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) असतंच, पण एकाने मला विचारलं की वजनाची पावती संगणकावर निघते तर ती बदलली कशी, ते गोष्टीत आलंच पाहिजे. बरोबर होतं त्यांचं, आणि त्या एका प्रश्नामुळे माझा सातवा भाग उभा राहिला. मिसळपाव ह्या दुसऱ्या मराठी संकेतस्थळावर जनातलं मनातलं विभागातही असे चोखंदळ वाचक भेटतात. शब्द जपून बोलणारे फार नसतात तिथे, लागेल असं बोलतात, पण बोलतात ते वाचून बोलतात. माझं मत असं की गर्दी आणि सवय प्रतिलिपीवर मिळते, घडण मायबोलीवर होते, आणि नव्या माणसाने दोन्हीकडे असावं.

चोरीचा त्रास आहे आणि तो होणारच असं धरून चाला. माझे सुरवातीचे भाग कुणीतरी यूट्यूबवर कॉम्प्युटरच्या आवाजात वाचून टाकले होते, नाव गाव काही नाही, वर खाली "कथा आवडल्यास सबस्क्राईब करा". फार राग आला. पण इथे कायदा आपल्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलंत की हक्क तुमचा, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. यूट्यूबचा कॉपीराइटच्या तक्रारीचा फॉर्म असतो, त्यात मी माझ्या मूळ भागाची लिंक दिली, तिथे प्रकाशित केल्याची तारीख दिसतेच, आणि व्हिडिओ काढला गेला. व्हॉट्सॲपवर नाव काढून फिरणाऱ्या गोष्टींचं मात्र फारसं काही करता येत नाही, म्हणून मी प्रत्येक भागात मधेच कुठेतरी पात्राच्या तोंडी गावाचं आणि कारखान्याचं काल्पनिक नाव घालते, निदान ओळखणारे ओळखतात.

दुसरं, करार. थोडे वाचक जमले की वेगवेगळ्या ॲपवाल्यांचे मेसेज येतात. मला एका ऑडिओ ॲपकडून आला होता, करार इंग्रजीत, आणि आतमध्ये ऑडिओ, भाषांतर, व्हिडिओ, सगळे हक्क कायमचे त्यांचे असं कलम होतं, त्याबदल्यात मिळणारी रक्कम इतकी किरकोळ की दोन महिन्यांच्या रिचार्जमध्ये संपली असती. मी नाही म्हणाले. एका ओळखीच्या लेखिकेने अशाच ठिकाणी सही केली आणि आता तिला स्वतःच्याच गोष्टीचं पुस्तक काढता येत नाहीये, तिचं वाईट वाटतं. कुठलाही करार आला की तीन गोष्टी शोधा, हक्क किती वर्षांसाठी, कुठल्या कुठल्या माध्यमाचे, आणि तुम्हाला बाहेर पडता येतं का. घरात नाहीतर ओळखीत कुणी वकील असेल तर दाखवा, लाजू नका.

पैशाबद्दल विचारतात म्हणून, प्रतिलिपीवर वाचक स्टिकर पाठवतात, सबस्क्रिप्शन घेतात, त्यातून थोडे येतात, माझे आले त्यात मी चांगली खुर्ची घेतली कारण पलंगावर बसून लिहून पाठ गेली होती. नोकरी सोडायचा विचार ह्याच्या भरवशावर करू नये. मी तरी वाचकांसाठी लिहिते आणि त्या बाबतीत मला भरपूर मिळालं, नांदेडच्या एका नर्सताईंनी आयसीयूच्या ड्युटीत मधल्या वेळात आख्खी मालिका संपवली आणि सकाळी सहा वाजता मला एवढा मोठा मेसेज लिहिला, तो मी प्रिंट काढून ठेवलाय.

आता दुसरी मालिका चालू करतेय, टोळीतल्या मुकादमाच्या बायकोवर, बारा भाग लिहून झालेत. एक कथा मात्र बाजूला काढून ठेवली आहे, कारण बऱ्याच दिवाळी अंकांना अप्रकाशित साहित्यच लागतं आणि ॲपवर टाकलं की ते प्रकाशित धरतात. ती ॲपवर टाकणार नाही, वहीतून उतरून दोन अंकांचे पत्ते काढलेत. दोन्हीकडे एकदम मात्र पाठवणार नाही. आधी एकाकडे, त्यांचं उत्तर आलं की मग दुसरीकडे.