रोटरी की लायन्स?

समाजसेवा करणारे हे दोन क्लब, त्यातला कुठला निवडायचा? दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं नि ३० जूनला संपतं, त्यामुळे भर पावसात नवा अध्यक्ष, गळ्यात चेन आणि एका रोपाला आठ हात लावलेला फोटो, हे दोन्हीकडे सेम! रोटरी १९०५ ची, लायन्स १९१७ ची, सुरुवात दोघींची शिकागोतच.

फरक पैशात कळतो. रोटरीत त्यांच्या फाउंडेशनच्या (म्हणजे देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेच्या) वार्षिक फंडाला दिलेले पैसे आधी गुंतवले जातात आणि त्यातला काही भाग तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टकडे (म्हणजे आसपासच्या क्लबांच्या गटाकडे) प्रोजेक्टसाठी परत येतो, म्हणजे आज चेक फाडणाऱ्याला लगेच काही दिसत नाही, पण १९८५ पासून पोलिओ निर्मूलनासारखं काम लावून धरायचं तर असलाच चिवटपणा लागतो ना.

लायन्स म्हटलं की डोळे. १९२५ मध्ये अंध-बधिर लेखिका हेलन केलरनं लायन्सना अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं, तेव्हापासून. मोतीबिंदू शिबिरात सकाळी सातला आज्यांची रांग, कुणी केसपेपर लिहितंय, कुणी हात धरून आत नेतंय, कुणी नुसतंच चहा वाटतंय (ते पण लागतंच).

मला विचाराल तर चेक द्यायचा असेल तर रोटरी, रविवार द्यायचा असेल तर लायन्स. आणि खरं सांगू का, गावात जिथला सेक्रेटरी फोन उचलतो तिथेच जा.